रेकॉर्डवर काय आलं? तालुका कोर्टात नव्याने उभ्या राहणाऱ्या वकिलासाठी

सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाली की नव्या वकिलाला वाटतं, आता युक्तिवाद करायचा. प्रत्यक्षात सीनियरचं पहिलं वाक्य असतं, 'जा, दोन नंबर कोर्टात तारीख घेऊन ये.' वर्षभर जवळजवळ हेच चालतं. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. दावे आणि खटले मुख्यतः याच किरकोळ दिसणाऱ्या कामांत घडतात किंवा बिघडतात. अपिलात वरच्या कोर्टाला तुमचा आवाज ऐकू जात नाही. तिथे पोचतात ते रोजनामा (प्रकरणात त्या-त्या तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद), निशाण्या (दाखल कागदांना पडलेले क्रमांक), साक्षी आणि अर्जांवरचे आदेश. म्हणून खालची प्रत्येक पायरी वाचताना एकच प्रश्न मनात धरा: हे रेकॉर्डवर कसं येणार?

हे सगळं महाराष्ट्रातल्या दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांच्या कोर्टाला धरून लिहिलं आहे. बहुतेकांची सुरुवात तिथेच होते.

पायरी १: स्वतःचे कागद

बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी झाल्यावर अखिल भारतीय बार परीक्षा दोन वर्षांच्या आत उत्तीर्ण व्हावी लागते. कामाच्या धबडग्यात हे मागे पडतं; पडू देऊ नका. नोंदणी व्हायची असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, नोंदणी शुल्क अॅडव्होकेट्स अॅक्टमध्ये ठरलेल्या रकमेपेक्षा, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला १२५ रुपये, यापेक्षा जास्त घेता येणार नाही.

पोशाखाबद्दल नव्यांना फार धास्ती असते. नियम सोपा आहे: गळ्याला पांढरा बँड हवाच, गाऊन फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात सक्तीचा, आणि खालच्या कोर्टांत उन्हाळ्यात काळा कोट नसला तरी चालतं. संबोधनही तसंच. बार कौन्सिलच्या नियमांनुसार खालच्या कोर्टात 'सर' किंवा त्या अर्थाचा स्थानिक शब्द पुरेसा आहे. चित्रपटातलं 'मी लॉर्ड' तालुक्याला म्हणालात तर बार रूममध्ये आठवडाभर चहा गोड लागणार नाही.

पायरी २: आदल्या संध्याकाळी

ई-कोर्ट्सच्या अॅपवर उद्याचा बोर्ड, म्हणजे प्रकरणांची यादी, दिसतो. प्रत्येक प्रकरणाचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक फाईलच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा, शोधाशोध वाचते. पण अॅपवर भिस्त ठेवू नका. तिथे 'म्हणण्याकरिता', म्हणजे अर्जावरच्या लेखी उत्तरासाठी, एवढंच दिसतं. कोणत्या निशाणीवर म्हणणं द्यायचं आहे ते रोजनाम्यातच कळतं.

डायरीत फक्त पुढची तारीख लिहिणारा ज्युनियर अर्धंच काम करतो. चार गोष्टी लिहा: मागची तारीख, पुढची तारीख, प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे, आणि पुढच्या तारखेला आपण काय करायचं आहे. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. 'समन्सचा भत्ता भरणे', 'कैफियत दाखल करणे', 'सातबाऱ्याची नक्कल आणणे' असं तिथे नेमकं लिहिलेलं असलं, तर तारखेच्या आदल्या रात्री अशिलाला फोन करून धावपळ करावी लागत नाही.

पायरी ३: पुकारा झाला की

कोर्ट बसायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं पोचा. पट्टेवाल्याशी आणि बेंच क्लार्कशी ओळख करून घ्या. आपली फाईल बोर्डावर आहे ना, आदेश झाला का, समन्स परत आलं का, हे त्यांना ठाऊक असतं. ओळख म्हणजे लगट नव्हे. नमस्कार, नाव, कोणाच्या ऑफिसात आहात, एवढं पुरे.

पुकारा झाल्यावर उभं राहून तीन गोष्टी एका दमात सांगा: कोणातर्फे हजर आहात, प्रकरण कशासाठी आहे, आज तुम्हाला काय हवं आहे. 'प्रतिवादी क्रमांक दोनतर्फे, निशाणी पाचवर म्हणणं दाखल करतो आहे, प्रत समोरच्या वकिलांना दिली आहे.' बस्स. न्यायाधीशांपुढे दिवसभरात भलामोठा बोर्ड असतो. त्यांना पार्श्वभूमी नको असते, आज काय करायचं ते हवं असतं.

सीनियर दुसऱ्या कोर्टात असतील आणि सुनावणी त्यांनीच करायची असेल, तर 'थोडा वेळ मागे ठेवावं' अशी विनंती करा. पण तुमचं स्वतःचं वकीलपत्र नसेल तर तसं स्पष्ट सांगा. वकीलपत्रावर पक्षकाराची सही, तुमची सही, वेल्फेअर फंडाचं तिकीट आणि कोर्ट फी स्टँप आहे ना, हे दाखल करण्याआधीच पाहा. आधी दुसरे वकील असतील तर त्यांची ना-हरकत घ्या. ही नुसती शिष्टाचाराची बाब नाही. ती नसेल तर प्रकरण तिथेच अडतं.

तुमची प्रकरणं संपली तरी कोर्टातून बाहेर पडू नका. मागच्या बाकावर बसून दुसऱ्यांचा उलटतपास ऐका. पहिल्या वर्षात याहून स्वस्त शिकवणी नाही.

पायरी ४: तारीख मागण्याची पद्धत

तोंडी तारीख मिळते, पण लेखी अर्ज द्या. कारण खरं लिहा. 'वकील आजारी' असं लिहून दुपारी त्याच आवारात चहाला दिसणारे वकील सगळ्यांना ठाऊक असतात, न्यायाधीशांनाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ नियम १ नुसार सुनावणीदरम्यान एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये. वकील दुसऱ्या कोर्टात गुंतले आहेत हे तिथे कारण धरलेलंच नाही. फौजदारीत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३४६ मध्येही हे कारण चालत नाही. प्रत्यक्षात कोर्ट बऱ्याचदा सवड देतं, पण खर्च बसवून. तो खर्च कोण भरणार हे अशिलाशी आधीच बोलून ठेवा.

साक्षीदार हजर असताना तारीख मागणं सगळ्यात महाग पडतं. रोजनाम्यात 'साक्षीदार हजर, प्रतिवादीचे वकील गैरहजर, उलटतपास नाही' एवढं आलं की तो आदेश रद्द करायला अर्ज, खर्च आणि बऱ्याचदा एक-दोन महिने जातात. 'कैफियत नाही' हा आदेशही तसाच. कैफियतीला, म्हणजे दाव्याला प्रतिवादीने द्यायच्या लेखी उत्तराला, समन्स बजावल्यापासून ३० दिवस मिळतात आणि ते ९० पर्यंत वाढवता येतात. सर्वसाधारण दिवाणी दाव्यात कोर्ट त्यापुढेही विलंब माफ करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं. व्यापारी दाव्यांत मात्र १२० दिवसांनंतर दार बंद. तिथे दयामायेचा प्रश्नच नाही.

चेक न वटल्याच्या प्रकरणात फिर्यादीचे वकील असाल तर गैरहजेरीबद्दल जास्तच सावध राहा. फिर्यादी हजर न राहिल्याने आरोपी निर्दोष सुटला, तर तेच न्यायदंडाधिकारी तो आदेश मागे घेऊ शकत नाहीत, वर जावं लागतं. नव्या संहितेच्या कलम २७९ मध्ये फिर्यादीला ३० दिवसांची सवड आली आहे, पण तिच्या भरवशावर बसू नका. या प्रकरणांत मुदतींचा हिशेब आधीपासूनच कडक असतो: चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर पैसे भरायला १५ दिवस, आणि ते संपल्यावर एक महिन्यात फिर्याद. नोटिशीची पोच कोणत्या तारखेची आहे ते पोस्टाच्या ट्रॅकिंगवरून छापून त्याच दिवशी फाईलला लावा.

पायरी ५: अर्ज आणि निशाणी

कोर्टात दाखल होणाऱ्या कागदाला निशाणी पडते. दाव्याला निशाणी १, तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला बहुतेक ठिकाणी निशाणी ५. तुमचा अर्ज दाखल झाला तरी त्याच्यावर निशाणी पडली का आणि समोरच्याला म्हणणं देण्याचा आदेश झाला का, हे पाहिल्याशिवाय हलू नका. नुसता टेबलावर राहिलेला अर्ज पुढच्या तारखेला कोणालाच आठवत नाही.

भाषा मराठीच ठेवा, साधी. 'सदरहू', 'प्रस्तुत', 'उपरोक्त' यांची पेरणी केल्याने अर्जाला वजन येत नाही. वाक्य लहान, घटना तारखेनुसार, आणि शेवटी मागणी नेमकी. 'योग्य तो हुकूम व्हावा' हे शेवटचं वाक्य असू द्या, पण त्याच्या आधी काय हवं ते लिहिलेलं हवं. गट नंबर, चतुःसीमा आणि क्षेत्र सातबाऱ्याशी अक्षरशः जुळलं पाहिजे. मनाई हुकूम चुकीच्या गटावर मिळाला तर बेलिफाला काहीच करता येत नाही.

समोरच्याला नोटीस न देता मनाई मिळाली की आनंदात ऑफिसला परतू नका. आदेश ३९ नियम ३ नुसार अर्ज, शपथपत्र, दावा आणि कागद यांच्या प्रती समोरच्याला पोचत्या कराव्या लागतात किंवा नोंदणीकृत टपालाने पाठवाव्या लागतात, आणि तसं केल्याचं शपथपत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कोर्टात द्यावं लागतं. ते राहिलं तर समोरचे वकील पहिला मुद्दा हाच काढतात, आणि तो काढायलाच हवा.

दस्तऐवज पुराव्यात आणताना हरकत घेण्याची वेळ ठरलेली असते. छायाप्रतीवर निशाणी पडत असताना गप्प बसलात आणि युक्तिवादात 'मूळ नाही' म्हणालात, तर बहुधा उशीर झालेला असतो. उठा, हरकत सांगा आणि ती नोंदवून घ्या. दस्तावर पुरेशी मुद्रांक शुल्क नसेल तर हे आणखीच महत्त्वाचं. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३५ नुसार असा दस्त एकदा पुराव्यात दाखल झाला की त्या कारणावरून पुढे वाद काढता येत नाही.

पायरी ६: पहिला जामीन

रिमांडच्या वेळी, म्हणजे अटकेतल्या आरोपीची कोठडी मागितली जाते तेव्हा, रिमांड रिपोर्ट हातात पडतो तेव्हा वाचायला पाच मिनिटंही नसतात. आधी तीन गोष्टी शोधा: कलमं कोणती आणि त्यांत शिक्षा किती, अटकेची वेळ, आणि पोलीस कोठडी कशासाठी मागितली आहे. जप्ती झालेली असेल तर 'मुद्देमाल हस्तगत करणे' हे कारण उरत नाही. हे एक वाक्य ठामपणे मांडलं तरी बराच फरक पडतो.

गुन्ह्याला मृत्यू, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून अधिक शिक्षा असेल तर दोषारोपपत्राला ९० दिवस, नाहीतर ६०. मुदत उलटली आणि दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्क ठरतो, पण दोषारोपपत्र येण्याआधी तो मागावा लागतो. दिवस मोजताना पहिल्या रिमांडचा दिवस धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०२३ मध्ये ठरवलं. म्हणून साठ दिवस रिमांडच्या दिवसापासून मोजा, एकसष्टाव्या सकाळी अर्ज तयार ठेवा आणि त्यावर दाखल झाल्याची वेळ लिहून घ्या.

जामीन मंजूर झाला तरी माणूस घरी येत नाही, जामीनदार लागतो. त्याचा सातबारा किंवा पगारपत्रक, आधार, रेशन कार्ड, फोटो हे सगळं आदल्या दिवशीच मागवा. शुक्रवारी दुपारी जामीनदाराचे कागद अपुरे निघाले, तर अशिलाचे दोन दिवस आत जातात आणि नातेवाईक तुम्हालाच जबाबदार धरतात. त्यांचं चुकतही नाही.

पायरी ७: उलटतपास

इथे घाई करू नका, कारण खरं शिकण्यासारखं सगळं इथेच आहे.

आधी हे समजून घ्या की तालुक्याला प्रश्न-उत्तर जसंच्या तसं क्वचितच लिहिलं जातं. तुम्ही विचारता, साक्षीदार उत्तर देतो, आणि न्यायाधीश टंकलेखकाला साक्षीदाराच्या तोंडचं वाक्य सांगतात: 'हे म्हणणे खरे आहे की, …' किंवा 'असे म्हणणे खरे नाही की, …'. अपिलात जातं ते हे वाक्य. म्हणून साक्षीदाराच्या चेहऱ्याकडे बघत बसू नका, पडद्यावर काय टाईप होतं आहे ते बघा.

एक उदाहरण घ्या. शेतीच्या वहिवाटीचा दावा आहे. वादीचा साक्षीदार शेजारचा शेतकरी. सरतपासाच्या, म्हणजे बोलावणाऱ्या बाजूसाठी दिलेल्या साक्षीच्या, शपथपत्रात तो म्हणतो, वीस वर्षं वादीच जमीन कसतो हे मी पाहतो आहे. तुमच्याकडे माहिती आहे की तो बरीच वर्षं पुण्यात कंपनीत होता. विचारायचं एवढंच: तुम्ही २००५ ते २०१८ पुण्यात नोकरीला होता? राहायला कुटुंबासह तिथेच होता? त्या काळात गावची जमीन वाट्याने दिली होती? तिन्हींची उत्तरं 'हो' आली की बसा. 'मग तुम्हाला वादीची वहिवाट कशी माहीत?' हा प्रश्न जिभेवर येतोच. तो गिळा. नाहीतर उत्तर येतं, 'दर सुगीला गावी यायचो साहेब, यांच्याच बांधावर डबा खायचो.' आणि हे वाक्य आता तुमच्या उलटतपासात आहे, म्हणजे दुप्पट पक्कं.

इथे दुसरी बाजूही बघा. साक्षीदार म्हणाला, 'हो, होतो पुण्यात, पण सुट्टीला यायचो', आणि टाईप झालं फक्त 'हे खरे आहे की, मी पुण्यात नोकरीस होतो'. तुम्ही वादीचे वकील असाल, तर लगेच उठून 'उत्तराचा पुढचा भागही घ्यावा' असं नम्रपणे म्हणायचं. साक्ष संपून सही झाल्यावर म्हणून उपयोग नाही.

फौजदारीत उलटतपासाचा निम्मा भाग पोलिसांसमोरच्या जबाबाभोवती फिरतो. समजा, साक्षीदार कोर्टात म्हणतो की आरोपीच्या हातात कोयता होता, पण पोलिसांनी लिहिलेल्या जबाबात कोयत्याचा उल्लेखच नाही. पद्धत अशी. कोर्टात कोयत्याचं त्याने सांगितलं आहे हे आधी पक्कं करा. मग विचारा, पोलिसांना जबाब देताना हे सांगितलं होतं का? बहुतेक वेळा ठरलेलं उत्तर येतं: 'सांगितले होते, पोलिसांनी का लिहिले नाही याचे कारण सांगता येणार नाही.' नवे वकील इथे खूश होऊन थांबतात. काम अर्धंच झालेलं असतं. तपासी अधिकारी साक्षीला आले की त्यांना विचारायलाच हवं: 'या साक्षीदाराने जबाबात आरोपीच्या हातात कोयता असल्याचे तुम्हाला सांगितले नव्हते?' त्यांनी 'बरोबर' म्हटलं की वगळणूक सिद्ध होते. तपासी अधिकाऱ्याला विचारायचं राहिलं, तर साक्षीदाराचा आधीचा तास वाया गेला.

जबाबात उलट मजकूर असेल, उदाहरणार्थ तिथे 'काठी' लिहिलं असेल, तर तो भाग साक्षीदाराला वाचून दाखवायचा, त्याने नाकारला की त्या भागाला 'अ' अशी खूण करून घ्यायची, आणि तपासी अधिकाऱ्याकडून तो सिद्ध करायचा. यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १४८ आणि नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१ शेजारी शेजारी ठेवून वाचा. जुन्या पुस्तकांत हीच कलमं १४५ आणि १६२ म्हणून सापडतील. नवे कायदे १ जुलै २०२४ पासून लागू आहेत. आणि जुने निवाडे अजून उपयोगाचेच असल्याने दोन्ही क्रमांक पाठ असलेले बरे.

शेवटी स्वतःची बाजू साक्षीदाराला घाला: 'आरोपी त्या दिवशी गावात नव्हता हे खरं आहे', 'खोटी साक्ष देत आहात'. साक्षीदार नाकारणार, ते ठीक आहे. पण हे घातलंच नाही, तर युक्तिवादात समोरचे म्हणतात, ही कथा आधी कधी आलीच नव्हती.

प्रश्न आदल्या रात्री लिहून काढा, पण वाचून दाखवू नका. आणि साक्षीदारावर ओरडू नका. त्याने न्यायाधीश साक्षीदाराच्या बाजूने झुकतात, एवढाच परिणाम होतो.

पायरी ८: युक्तिवाद आणि निवाडे

यावर थोडकंच. तोंडी पंधरा मिनिटं बोला, लेखी युक्तिवाद द्या, आणि प्रत्येक विधानाशेजारी निशाणीचा क्रमांक आणि साक्षीतला परिच्छेद लिहा. निवाडा द्यायचा तर पूर्ण वाचून, पूर्ण प्रतीसह द्या. मथळ्यातली टिपणी म्हणजे निर्णय नव्हे. एआयने सुचवलेला निवाडा मूळ ठिकाणी उघडून पाहिल्याशिवाय कोर्टात नेऊ नका. अस्तित्वातच नसलेला निवाडा दाखवला गेला तर पुढची दहा वर्षं तुमचा प्रत्येक कागद तपासला जाईल.

पायरी ९: निकालानंतर आणि अशिलाशी

निकाल लागला त्याच दिवशी नक्कल विभागात अर्ज करा. दिवाणी दाव्याच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ६०. नक्कल मिळायला लागलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १२ नुसार वगळला जातो, पण अर्जाच्या तारखेपासून. अर्जच उशिरा केला तर ते आधीचे दिवस परत मिळत नाहीत.

अशिलाला निकालाचं वचन देऊ नका. 'शंभर टक्के जिंकू' हे वाक्य त्याला तुमच्यापेक्षा जास्त काळ आठवतं. तडजोड, माघार, कबुली अशा कोणत्याही पुरसिसवर (कोर्टाला द्यायच्या लेखी निवेदनावर) त्याची सही घेतल्याशिवाय तुमची करू नका. फीची पावती द्या. निकालावर टक्केवारी ठरवू नका, बार कौन्सिलचे नियम ती सरळ मना करतात. मूळ खरेदीखत, चेक, वाटणीपत्र कपाटात ठेवायची वेळ आली तर यादीवर दोघांच्या सह्या घ्या. आणि अशिलाने वकील बदलायचं ठरवलं, तर फी राहिली आहे म्हणून फाईल अडवू नका. फीपोटी अशिलाचे कागद धरून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच स्पष्ट केलं आहे. फीसाठी नोटीस द्या, दावा करा. फाईल परत करताना पानं मोजून तिची पोच घ्या, आणि ती पोच तुमच्या कपाटात ठेवा.